दाराच्या खांबावरचं स्टिकर आधी वाचा: अमेरिकेत ट्रेलरसाठी आणि रोजच्या वापरासाठी हेवी-ड्यूटी पिकअप घेताना

अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षं कॅमरी नाहीतर अकॉर्डमध्ये सुखाने जातात. मग कुणीतरी कॅम्पिंगला नेतं, ट्रॅव्हल ट्रेलर आतून बघायला मिळतो, मुलं बंक बेडवर चढून बसतात आणि परतीच्या वाटेवर गाडीत विषय निघतो. ट्रेलर घ्यायचा, तो ओढायला ट्रक घ्यायचा आणि दुसरी गाडी नको म्हणून तोच ट्रक रोज ऑफिसला न्यायचा. या टप्प्यावर आलेल्यांसाठी हा लेख आहे. पिकअपबद्दल काहीच माहीत नाही असं धरून सुरुवात करतो.

हेवी-ड्यूटी म्हटलं की बाजारात मुख्यतः चार नावं येतात: फोर्ड सुपर ड्यूटी, रॅम, शेवरले सिल्व्हराडो एचडी आणि तिचीच सख्खी बहीण जीएमसी सिएरा एचडी. फोर्डमध्ये एफ-२५० आणि एफ-३५०, बाकीच्यांत २५०० आणि ३५००. लोक यांना थ्री-क्वार्टर टन आणि वन टन म्हणतात. एफ-१५० किंवा १५०० म्हणजे हाफ टन. ही नावं फार जुन्या काळातली आहेत. आजचा ‘हाफ टन’ ट्रक त्याहून बराच जास्त भार उचलतो, तेव्हा नावावरून हिशेब मांडू नका.

पहिली पायरी: आधी ट्रेलर ठरवा

बहुतेक जण उलट जातात. आधी ट्रक आवडतो, डीलर ‘हा काहीही ओढतो’ म्हणतो, आणि वर्षभराने ट्रेलर बघताना कळतं की आकडे जुळत नाहीत. ट्रेलर नक्की ठरला नसला तरी त्याचा प्रकार आणि ढोबळ वजन ठरवा. बंपरच्या खालच्या हिचला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्याला, लागणारा ट्रॅव्हल ट्रेलर हवा, की ज्याचं पुढचं टोक ट्रकच्या हौद्यात जोडलं जातं तो फिफ्थ व्हील? बोट, घोड्यांचा ट्रेलर, बागकामाची यंत्रं असं काही असेल तर त्याचं वजन किती?

ट्रेलरच्या जाहिरातीत ‘ड्राय वेट’ ठळक छापलेलं असतं. ते बाजूला ठेवा. पाणी, प्रोपेन, बॅटरी, भांडी, अंथरुणं, खुर्च्या यातलं काहीही त्यात धरलेलं नसतं, किंवा अर्धवट धरलेलं असतं. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांहून थोडं जास्त भरतं. म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंडांहून अधिक वजन तिथेच वाढलं. हिशेबाला घ्यायचा तो ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सामानासकट त्याला कमाल परवानगी असलेलं वजन. तुम्ही तिथपर्यंत पोचणार नाही असं वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या सहलीपर्यंत बहुतेक जण त्याच्या जवळ गेलेले असतात.

दुसरी पायरी: पेलोडचं गणित

जाहिरातीत मोठ्या अक्षरात येते ती टोइंग क्षमता: अकरा हजार पौंड, वीस हजार पौंड. हा आकडा खोटा नसतो. एसएई या संस्थेचं जे२८०७ नावाचं प्रमाण आहे आणि त्यानुसार चाचण्या होतात. त्यातली एक चाचणी अ‍ॅरिझोनातल्या बुलहेड सिटीजवळच्या डेव्हिस डॅम घाटावर बेतलेली आहे. शंभर अंश फॅरनहाइटच्या उन्हात, एसी चालू ठेवून, पूर्ण भार ओढत ट्रकने तो चढ ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढायचा, मागे चार चाकं असतील तर ३५. म्हणजे ओढण्याची ताकद तपासलेली आहे. पण ती चाचणी देताना ट्रकमध्ये तुमचं कुटुंब, शीतपेट्या आणि सायकली नसतात, आणि बहुतेक कुटुंबांचा हिशेब ओढण्यावर अडत नाही, उचलण्यावर अडतो.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं टायरचं स्टिकर असतं. त्यावर प्रवासी आणि सामान यांचं मिळून वजन इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको, असं एक वाक्य छापलेलं असतं. तो आकडा म्हणजे त्या विशिष्ट ट्रकचा पेलोड. सनरूफ, चामड्याच्या सीट, फोर-व्हील ड्राइव्ह असं एकेक वाढलं की हा आकडा खाली येतो, त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन ट्रक शेजारी उभे असले तरी त्यात काहीशे पौंडांचा फरक सापडतो. वेबसाइटवरचा ‘कमाल पेलोड’ सहसा सर्वात साध्या, बिनाचैनीच्या ट्रकचा असतो.

आता एक उदाहरण करून बघू. चौघांचं कुटुंब, ट्रॅव्हल ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर ७,६०० पौंड. अशा ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर, म्हणजे ट्रकवर यायला हवा. त्याला टंग वेट म्हणतात. तेरा टक्के धरले तर जवळपास १,००० पौंड. हा भार दांड्यांच्या जोरावर पुढच्या चाकांवरही वाटणारी, वजन विभागणारी हिच लागते, तिचं स्वतःचं वजन ९०. चौघं मिळून ४८०, आणि ड्रायव्हर यात मोजायचा, तो सुटत नाही. हौद्यात जनरेटर, सायकली, लाकडं, शीतपेटी मिळून २५०. बेरीज १,८२० पौंड.

चांगल्या सजवलेल्या चार दारांच्या हाफ टनच्या स्टिकरवर १,४५० असा आकडा सहज दिसतो. त्याच ट्रकची टोइंग क्षमता ११,००० पौंड असू शकते. कागदावर ट्रेलर आरामात बसतो, आणि ट्रक प्रत्यक्षात ३७० पौंडांनी जास्त लादलेला असतो. हेवी-ड्यूटी घेण्याचं खरं कारण सहसा हे असतं.

यात एक खोच आहे. ज्या ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांहून जास्त आहे त्याला हे पेलोडचं वाक्य लावण्याचं बंधन नाही, आणि बरेच हेवी-ड्यूटी ट्रक याच गटात येतात. तिथे दुसरं स्टिकर बघा. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर आणि प्रत्येक अ‍ॅक्सलची मर्यादा असते. रिकाम्या ट्रकचं काट्यावर वजन करून ते जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा केलं की पेलोड मिळतो. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादाही टिपून ठेवा, कारण हिचचा भार मुख्यतः तिच्यावरच येतो.

उलट बाजूही सांगायला हवी. ट्रेलर ५,००० पौंडांच्या आत असेल आणि वर्षातून दोन-तीनदाच बाहेर पडणार असाल, तर हेवी-ड्यूटी घेऊ नका. पेलोड बघून निवडलेला हाफ टन पुरतो आणि रोज चालवायला कितीतरी सुखाचा असतो. एखाद्याच सहलीसाठी ट्रक भाड्यानेही मिळतो, फक्त त्या कंपनीच्या करारात ट्रेलर ओढायची मुभा आहे ना, ते वाचून घ्या.

तिसरी पायरी: २५०० की ३५००

ट्रॅव्हल ट्रेलरला २५०० बहुतेक वेळा पुरतो. फिफ्थ व्हील असेल तर थेट ३५०० पासून बघायला सुरुवात करा. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण पाचवा भाग हौद्यात येतो. १२,००० पौंडांच्या ट्रेलरचे २,४०० पौंड, त्यावर हिच दीड-दोनशे, माणसं आणि सामान मिळून सातशे. ही बेरीज सव्वातीन हजारांच्या पुढे जाते. डिझेल इंजिनचा सजलेला २५०० कित्येकदा सव्वादोन हजारांच्या आसपासच उचलतो, कारण डिझेल इंजिन स्वतःच पेट्रोल इंजिनपेक्षा काहीशे पौंडांनी जड असतं. जास्त ताकदीचं इंजिन घेतलं आणि उचलायची क्षमता कमी झाली, हा प्रकार नवख्यांना पचत नाही, पण गणित तसंच आहे.

एफ-२५० आणि मागे दोनच चाकं असलेला एफ-३५० यांची बांधणी बरीचशी सारखी असते, किमतीतही फार अंतर नसतं. म्हणून फोर्डकडे बघत असाल तर दोन्हींची स्टिकरं शेजारी ठेवून बघा. रॅम २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, ३५०० ला पाट्यांच्या. रिकामा चालवताना २५०० कमी उडतो, भार टाकला की ३५०० कमी बसतो.

मागे चार चाकांचा ट्रक, म्हणजे ड्युअली, जड फिफ्थ व्हीलखाली फार स्थिर चालतो. पण मागून तो जवळजवळ आठ फूट रुंद असतो. रोज ऑफिसच्या पार्किंगमध्ये ड्युअली लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या, असं माझं सरळ मत आहे.

चौथी पायरी: पेट्रोल की डिझेल

या प्रश्नावर मित्रांमध्ये भांडणं लागतात. आधी समोर काय आहे ते पाहू. फोर्डकडे ६.८ आणि ७.३ लिटरची पेट्रोल व्ही-८ इंजिनं आणि ६.७ लिटरचं पॉवरस्ट्रोक डिझेल. रॅमकडे ६.४ लिटरचं हेमी आणि ६.७ लिटरचं कमिन्स, एका ओळीत सहा सिलिंडरचं. कमिन्सचं इंजिन या ट्रकमध्ये १९८९ च्या मॉडेलपासून आहे आणि त्याचे भक्त वेगळेच. जीएमकडे ६.६ लिटरचं पेट्रोल आणि तेवढ्याच आकाराचं ड्युरामॅक्स डिझेल. आजची डिझेल इंजिनं हजार पौंड-फूट टॉर्कच्या आसपास किंवा वर आहेत. पेट्रोलची त्याच्या निम्म्याच्या आतबाहेर.

हा फरक सपाट रस्त्यावर फारसा जाणवत नाही, डोंगरात जाणवतो. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेलं इंजिन, आणि वरची पेट्रोल इंजिनं तशीच आहेत, दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे पोचेपर्यंत जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो. ट्रेलर मागे असताना पेट्रोल ट्रक खालच्या गिअरमध्ये ओरडत, उजव्या लेनमधून मोठ्या ट्रकांच्या मागोमाग चढतो. चढतो नक्की, इंजिनला काही होत नाही, फक्त त्या आवाजाची सवय करावी लागते. डिझेलमध्ये गप्पा चालू राहतात.

खरी गंमत उताराला आहे. बोगद्याच्या पलीकडे सहा-सात टक्क्यांचा उतार मैलोन्‌मैल चालतो. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो. डॅशवरचं बटण दाबलं की एक्झॉस्टची वाट आवळली जाते, इंजिनच ट्रकला मागे धरून ठेवतं, आणि पाय ब्रेकवर जवळजवळ न ठेवता गाडी एका वेगाने उतरते. पेट्रोलमध्ये टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची खास सेटिंग) लावून खालच्या गिअरमध्ये उतरावं लागतं. तेही काम करतं, पण मधूनमधून ब्रेक मारावा लागतो. नेहमी रॉकीजमध्ये किंवा सिएरा नेवाडात जाणार असाल तर केवळ या एका कारणासाठी डिझेल घ्यावं.

आता पैसे. डिझेलसाठी नव्या ट्रकवर साधारण दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. ते इंधनात वसूल होतील, हा समज तपासून बघा. समजा वर्षाला १२,००० मैल, बहुतेक रिकामे. पेट्रोल ट्रकने गॅलनला १३ मैल दिले तर ९२३ गॅलन लागतील, डिझेलने १७ दिले तर ७०६. वाचले सव्वादोनशे गॅलनच्या आत. त्यात डिझेलचा दर बहुतेक ठिकाणी पेट्रोलपेक्षा जास्त. वर डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव), दोन-दोन इंधन फिल्टर, आणि ऑइल बदलताना दहा-तेरा क्वार्ट. विकताना डिझेलला किंमत चांगली येते, हे त्याच्या बाजूने. पण ‘मायलेजसाठी डिझेल’ हा हिशेब रोज थोडं चालवणाऱ्याला लागू पडत नाही.

मायलेजचे आकडे मी ‘समजा’ म्हणून दिले आहेत, त्याला कारण आहे. ८,५०० पौंडांपेक्षा जास्त जीव्हीडब्ल्यूआर असलेल्या पिकअपला ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेचं मायलेज लेबल लावावं लागत नाही. शोरूममध्ये काचेवर तो आकडा शोधत बसू नका.

रोजच्या वापरासाठी डिझेलची सर्वात मोठी अडचण वेगळीच आहे. धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर काजळीने भरत जातो आणि ती काजळी जाळून टाकायला एक्झॉस्ट बराच वेळ चांगलाच तापलेला राहावा लागतो. याला रीजन म्हणतात. घर ते ऑफिस चार मैल, वाटेत सहा सिग्नल, संध्याकाळी मुलांना शाळेतून आणायचं, असा दिनक्रम असेल तर रीजन सुरू होतं आणि अर्ध्यावरच इंजिन बंद होतं. असं पुन्हा पुन्हा झालं की दिवे लागतात, मग डीलरकडे फेऱ्या. अशा ट्रकला आठवड्यातून एकदा तरी हायवेवर अर्धा तास दामटावं लागतं. ज्यांचं रोजचं अंतर कमी आणि ट्रेलर दहा हजार पौंडांच्या आत, त्यांनी पेट्रोल घ्यावं आणि वाचलेल्या पैशांत चांगली हिच, टायर आणि दोन वर्षांच्या सहली कराव्यात.

डिझेल घेतलंच तर तीन गोष्टी घरातल्या प्रत्येक चालकाला सांगा. निळं झाकण डीईएफचं. डीईएफ म्हणजे पाण्यात कालवलेला ३२.५ टक्के युरिया, तो चुकून डिझेलच्या टाकीत गेला तर इंधनाची सगळी यंत्रणा बदलायची वेळ येते. पंपाच्या नळीच्या रंगावर विसंबू नका. हिरवी नळी बऱ्याच ठिकाणी डिझेलची असते, पण एखाद्या ब्रँडकडे नेमकी पेट्रोलची असते, म्हणून पाटी वाचायची. आणि मिनेसोटा-डकोटासारख्या थंडीत ब्लॉक हीटर रात्री प्लगला लावायचा, पंपावर हिवाळी मिश्रणाचंच डिझेल भरायचं, नाहीतर ते टाकीत गोठून दाट होतं.

पाचवी पायरी: केबिन, हौदा, गिअर

चार पूर्ण दारांची क्रू कॅब घ्या, विशेषतः मुलांच्या कार सीट असतील तर. हौदा साधारण साडेसहा-पावणेसात फुटांचा किंवा आठ फुटांचा येतो. ट्रॅव्हल ट्रेलरला छोटा पुरतो. फिफ्थ व्हीलला आठ फुटी बरा. छोट्या हौद्यात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेला भिडू शकतो, त्यासाठी मागे सरकणारी वेगळी हिच घ्यावी लागते.

अ‍ॅक्सल रेशो ३.७३, ४.१०, ४.३० असा लिहिलेला दिसेल. आकडा मोठा तितका ओढायला जोर, रिकामं चालवताना थोडं जास्त इंधन. ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून चालवणारा, कारखान्यात बसवलेला ब्रेक कंट्रोलर, मोठे टो-मिरर आणि सात पिनांचं सॉकेट हवंच, नंतर बाहेरून बसवण्यात मजा नाही. फोर-व्हील ड्राइव्हचा उपयोग बर्फापेक्षा ओल्या गवतावरच्या कॅम्पसाइटमधून ट्रेलर बाहेर काढताना जास्त होतो.

सहावी पायरी: टेप घेऊन शोरूमला जा

रोज चालवायचा ट्रक रोज कुठेतरी उभाही करायचा असतो. क्रू कॅब आणि छोटा हौदा असलेला हेवी-ड्यूटी ट्रक जवळजवळ २१ फूट लांब, आठ फुटी हौद्याचा २२ फुटांच्या वर. इथल्या कित्येक घरांचं गॅरेज २० फूट खोल असतं. दार सात फूट उंच, आणि फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकचं छप्पर पावणेसात फुटांच्या आसपास. वर अँटेना किंवा दिवे असले की आशा सोडा. शहरातल्या आणि विमानतळावरच्या बहुमजली पार्किंगवर ६ फूट ८ इंच अशी पाटी दिसते, तिथून परतच फिरावं लागतं.

टेस्ट ड्राइव्ह डीलरच्या आवारात दोन फेऱ्या मारून संपवू नका. घरी घेऊन जा, ड्राइव्हवेमध्ये लावा, मागचं टोक फुटपाथवर येतंय का बघा. वाटेत किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये एका दमात वळतोय का पाहा. बहुतेकदा वळत नाही. आईवडील भारतातून येऊन राहणार असतील तर पायरीची उंची त्यांच्या गुडघ्यांच्या हिशेबाने तपासा, बाजूने खाली येणाऱ्या पायऱ्या त्यासाठी पैसे देऊन घ्याव्यात अशाच आहेत. सोसायटीचे, म्हणजे एचओएचे नियमही वाचा. काही ठिकाणी मोठे ट्रक किंवा ट्रेलर बाहेर उभे करायला मनाई असते.

रिकामा हेवी-ड्यूटी खड्ड्यांवर उडतो. यात दोष काही नाही, त्याचे स्प्रिंग भारासाठी बनवलेले आहेत. नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वेळी चालवून बघा आणि शेजारच्या सीटवर जोडीदाराला बसवा. त्यांचं मत तुमच्यापेक्षा प्रामाणिक असेल.

सातवी पायरी: परवाना आणि नोंदणी

नियम राज्यागणिक बदलतात, तेव्हा आपल्या राज्याच्या डीएमव्हीची वेबसाइट हाच शेवटचा शब्द. तरी काही गोष्टी डोक्यात असू द्या. कॅलिफोर्नियात पिकअपची नोंदणी व्यावसायिक वाहन म्हणून होते आणि वजनानुसार जादा शुल्क लागतं. ट्रेलर मागे असताना तिथे वेगमर्यादा ताशी ५५ मैल. १०,००० पौंडांपेक्षा जड ट्रॅव्हल ट्रेलर किंवा फिफ्थ व्हील ओढायला तिथे साध्या परवान्याने भागत नाही. टेक्सासमध्ये ट्रक आणि जड ट्रेलर यांचा एकत्रित आकडा २६,००० पौंडांच्या वर गेला की बिगरव्यावसायिक क्लास ए परवाना लागतो.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढे ते सक्तीचे आहेत. ट्रेलरची नोंदणी आणि नंबरप्लेट वेगळी असते, विमाही वेगळा विचारून घ्या. आणि धंद्यासाठी राज्याबाहेर सामान ओढणार असाल तर १०,००१ पौंडांपासून केंद्रीय वाहतूक खात्याचे नियम लागू होतात. ते प्रकरण निराळं.

आठवी पायरी: खरेदी

नवा ट्रक घेताना एकच आकडा मागा: ‘आउट द डोअर’, म्हणजे कर, नोंदणी, कागदपत्रांचं शुल्क सगळं धरून हातात किल्ली पडेपर्यंतची किंमत. महिन्याचा हप्ता किती हवा, या प्रश्नाला उत्तर देऊ नका, त्यात मुदत वाढवून सगळं लपवता येतं. क्रेडिट युनियनकडून कर्जाची पूर्वमंजुरी घेऊन गेलात तर बोलणी सोपी जातात. वर्क व्हिसावर असाल तर काही बँका कर्जाची मुदत व्हिसाच्या मुदतीत बसवतात, हे आधी विचारा.

जुना घेताना मायलेज बघून थांबू नका. बऱ्याच ट्रकच्या डॅशवर इंजिनचे तास दिसतात. मैलांना तासांनी भागा. भागाकार तिशीच्या वर आला तर ट्रक बहुतांशी हायवेवर धावलाय, पंधराच्या खाली आला तर तो साइटवर तासन्‌तास चालू स्थितीत उभा असायचा. हौद्याच्या मधोमध गूजनेकचं, म्हणजे हौद्यात जोडायच्या जड ट्रेलरच्या हिचचं, भोक असेल तर त्याने जड ओझी ओढलेली असू शकतात. बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतला ट्रक असेल तर खाली झोपून फ्रेम बघा. फोर्ड सुपर ड्यूटीची बॉडी २०१७ पासून अ‍ॅल्युमिनियमची आहे म्हणून वरून चकचकीत दिसेल, फ्रेम मात्र पोलादीच.

डिझेल असेल तर डीपीएफ जागेवर आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. काढून टाकलेल्या ट्रकला ‘डिलीट’ केलेला म्हणतात, विकणारा ते कौतुकानेही सांगतो. असं करणं केंद्रीय कायद्याने बेकायदा आहे आणि धुराची तपासणी असलेल्या ठिकाणी तो पास होणार नाही. ट्रकचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या केंद्रीय रस्ता-सुरक्षा संस्थेच्या वेबसाइटवर टाकला की राहिलेले रिकॉल फुकटात कळतात.

नववी पायरी: जोडणी आणि काटा

हिचच्या साखळीत सर्वात कमजोर कडी तुमची मर्यादा ठरवते. रिसीव्हर (ट्रकखालची चौकोनी नळी), तिच्यात बसणारा बॉल माउंट, त्यावरचा बॉल, प्रत्येकावर आकडा कोरलेला असतो. ट्रेलरचा कप्लर, म्हणजे बॉलवर बसणारी वाटी, २ ५/१६ इंचाचा असेल तर बॉलही तेवढाच हवा. २ इंची बॉलवर तो बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो. कप्लर बंद केल्यावर जॅकने थोडं वर उचलून बघा, ट्रकचं मागचं टोक सोबत उचललं गेलं तर तो नीट धरलाय. साखळ्या खालून एकमेकींवरून ओलांडून लावा, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) ट्रकला वेगळी अडकवा. मग दिवे, मग ब्रेक. ट्रेलरच्या टायरवर DOT या अक्षरांपाठोपाठच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, जुनाट टायर वरची नक्षी शाबूत दिसत असली तरी बदला.

रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरचं ढुंगण डावीकडे जातं. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये कोन ठेवून सराव करा.

पहिल्या सहलीआधी, सगळं सामान आणि सगळी माणसं घेऊन, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वाहनांच्या वजनकाट्यावर, जा. पंधराएक डॉलर लागतात, त्याच ठिकाणी २४ तासांत पुन्हा वजन केलं तर बरेच कमी. काट्याचे तीन भाग असतात: पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. वजन विभागणाऱ्या हिचचे दांडे सैल सोडून एक वजन करा, ट्रेलर बाजूला लावून नुसत्या ट्रकचं दुसरं, आणि दांडे ताणून तिसरं.

समजा दांडे सैल असताना चिठ्ठीवर पुढे ४,२५०, मागे ४,७५० आणि ट्रेलर ६,५०० आलं. नुसता ट्रक पुढे ४,६५०, मागे ३,३५०, म्हणजे ८,०००. जोडल्यावर ट्रक ९,००० झाला होता. वाढलेले १,००० पौंड हेच टंग वेट, आणि ट्रेलरचं खरं वजन ७,५००. टक्केवारी तेराच्या थोडी वर, म्हणजे ठीक. ९,००० हा आकडा ट्रकच्या जीव्हीडब्ल्यूआरशी आणि ४,७५० मागच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा. ट्रेलर जोडल्याने पुढची चाकं ४०० पौंडांनी हलकी झाली होती. दांडे ताणून केलेल्या वजनात पुढे ४,५०० आलं तर त्यातले २५० परत आले. किती परत यायला हवेत, ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्याप्रमाणे दांडे घट्ट किंवा सैल करा.

टंग वेट दहा टक्क्यांच्या खाली निघालं तर तसंच हायवेवर जाऊ नका, ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. मागच्या बाजूचं जड सामान चाकांच्या पुढे हलवा आणि पुन्हा काट्यावर या. पंधराच्या वर गेलं तर उलट करा, पण एकदम सगळं मागे टाकू नका, थोडं थोडं सरकवा.